जांभोरीचा होनाजी केंगले

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस, भीमाशंकराच्या डोंगररांगेत जांभोरी नावाचे खेडे आहे. महादेव कोळी जमातीतील होनाजी भागोजी केंगले ह्या वीराचे हे गाव. त्यास सरकारी पदक मिळाले नाही; मात्र सरकारने त्याच्या शिरावर १,००० रुपयांचे बक्षीस लाविले, आणि आमच्या मते त्याच्या पराक्रमाची हीच खरी पावती होय.

त्या काळी डोंगरातील रयत सावकारी पाशात पुरती गुरफटली होती. कागदावर काय लिहिले आहे हे निरक्षर ऋणकोस कळत नसे. आणि कोर्टाचा हुकूमनामा आला म्हणजे गुरे व जमीन दोन्ही जात. १८७३ साली होनाजीने निवडक माणसे जमवून सावकारांवर छापे घालण्यास आरंभ केला. कित्येकांची नाके कापली गेली. ह्या क्रौर्याचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु भयभीत सावकार खेडी सोडून मोठ्या गावांच्या आश्रयास गेले, हेही खरे. घाटवाटा होनाजीच्या पायाखालच्या होत्या. तथापि एवढ्या बक्षिसाचा मोह असता जवळजवळ तीन वर्षे तो पोलिसांच्या हाती लागला नाही, ते केवळ रानाच्या आडोशामुळे नव्हे. गरीब गावकऱ्यांनी त्यास विकले नाही.

१८७५ साली पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागी सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला. पुढील वर्षी मेजर डॅनियल ह्यांनी होनाजीस पकडले. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा होऊन कर्जामागील हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायाधीशांस मिळाला. ती वार्ता ऐकावयास होनाजी मात्र आपल्या डोंगरात उरला नव्हता.