दानाचा लोकवारसा : संत गाडगेबाबा

बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांतील शिलालेख पाहिले, तर दान हे केवळ राजेरजवाड्यांचे काम नव्हते, हे ध्यानी येते. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी आणि स्त्रियांनीही तेथे लेणी कोरविली, पाण्याची टाकी खोदविली, भिक्खूसंघाच्या निर्वाहासाठी शेते दिली. सामान्यांच्या दानातून समाजाचे कल्याण साधण्याची ही रीत विसाव्या शतकात ज्यांनी गावोगाव जागविली, त्या संत गाडगेबाबांचे स्मरण या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही करीत आहोत.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. व्यसनापायी वडील अकाली गेले. आई सखूबाईंनी मुलासह दापुरे येथील माहेर गाठले. तेथे गुरे राखीत, शेत कसत डेबूजी वाढले. कर्ज, व्यसन आणि अज्ञान कष्टकऱ्याचे घर कसे पोखरतात, हे त्यांनी जवळून पाहिले. १९०५ साली त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचे गाडगे एवढाच त्यांचा संसार उरला.

बाबांच्या दानविचाराचे मर्म त्यांच्या वागण्यात होते. गावात शिरताच ते रस्ते झाडीत; भाकरी मागत ती कामानंतर. म्हणून घेणारा लाचार होत नसे. रात्रीच्या कीर्तनात ते देवभोळेपणा, पशुबळी, सावकारी कर्ज आणि अस्पृश्यता यांवर प्रहार करीत व मुलांना शाळेत घालण्याचा आग्रह धरीत. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी देवळे बांधली नाहीत. नाशिक, आळंदी, पंढरपूर येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांना आसरा मिळाला. स्वतः मात्र ते त्या वास्तूंचे मालक झाले नाहीत, कोणाचे गुरूही झाले नाहीत.

ज्या पंढरपुरात चोखोबांच्या वारसांना टेकायला जागा नव्हती, तेथे त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे ती वास्तू त्यांनी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. वारकऱ्यांच्या निवाऱ्यासाठी उभारलेली वास्तू अशा रीतीने शिक्षणाच्या कार्याला मिळाली. वसतिगृहात वाढलेल्या आम्हा सर्वांना या घटनेचे मोल वेगळे सांगावे लागू नये.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी बाबांचे कीर्तन आपल्या उपनगरातील वांद्रे पोलीस ठाण्यात झाले. महिनाभरातच, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगाव येथे गाडगेबाबांनीही देह ठेवला. दोन आधार एकाच महिन्यात हरपले.

आज आमच्यातील अनेक जण कमावते झाले आहेत आणि संस्थेला आनंदाने देणगीही देतात. परंतु देणगीबरोबर फलकावरील नावाची अपेक्षा वाढू लागली, की वसतिगृहातील लेकराची मान झुकू लागते, याचे भान आम्ही ठेवले पाहिजे. वर्षातून एक दिवस शाळेत येऊन मुलांसोबत अंगण झाडावे, त्यांच्याच पंगतीत जेवावे आणि मग जमेल तेवढे द्यावे, एवढे आम्हाला खचित करता येईल.

या लोकसेवकास आमचे विनम्र अभिवादन.