घराघरातली दुखणी वाचणारा शास्त्रज्ञ

सिकलसेलची तपासणी करायला गेलात, तर रक्त घेण्याबरोबरच एक प्रश्न विचारतात : घरात आणखी कुणाला आहे का? आपल्या कळंब तालुक्यात हा प्रश्न नवा नाही. पण अशा प्रश्नांच्या उत्तरांतून विज्ञान उभं करणारा एक माणूस तुम्हाला माहीत असायला हवा. जे. बी. एस. हाल्डेन.

जन्म १८९२, ऑक्सफर्ड. वडील शरीरशास्त्रज्ञ; पोराला लहानपणापासूनच प्रयोगांत सोबत घ्यायचे. हाल्डेन मात्र शिकले गणित आणि ग्रीक-लॅटिन. विज्ञानाची पदवी त्यांच्याकडे नव्हतीच! पहिल्या महायुद्धात लढले, जखमी झाले आणि पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले.

तिथे डॉ. ज्युलिया बेल वर्षानुवर्षं रुग्णांच्या वंशावळी जमवत होत्या. काही घराण्यांत हिमोफिलिया, म्हणजे जखमेतलं रक्त लवकर न थांबणं, आणि रंगांधळेपणा असे दोन्ही दोष होते. आजोबा, मामा, भाचे यांच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवून दोघांनी हिशेब केला. १९३७ साली त्यांनी दाखवलं, की या दोषांची जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळजवळ आहेत. तेव्हा ना डीएनए चाचणी होती, ना संगणक. होती ती फक्त लोकांनी खरी सांगितलेली माहिती.

१९४९ साली त्यांनी आणखी एक तर्क मांडला. थॅलेसेमियाचे वाहक मलेरियात जास्त तग धरत असावेत, म्हणून तो दोष मलेरियाच्या प्रदेशांत टिकला. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत सिकलसेलबाबत तेच दाखवून दिलं. म्हणजे सिकलसेल हे कुणाच्या घराण्याचं पाप नाही. हिवतापाशी झालेल्या जुन्या झुंजीची ती खूण आहे.

१९५७ साली हाल्डेन भारतात आले, इथले नागरिक झाले, कुर्त्यात वावरू लागले. आधी कोलकात्याला, मग भुवनेश्वरला काम केलं. कॅन्सर झाला तेव्हा तो लपवला नाही. उलट त्यावर विनोदी कविता लिहून लोकांना वेळेवर डॉक्टरकडे जायला सांगितलं. १ डिसेंबर १९६४ रोजी ते गेले. देहही वैद्यकीय शिक्षणासाठी देऊन गेले.

आणि आपण? सोयरीक जुळवताना मामाच्या पोराचं दुखणं दडवतो. पण आई-वडील दोघंही सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो, त्यामुळे नुसतं पाहून कळत नाही.

तेव्हा या रविवारी आजीजवळ बसा. तीन पिढ्यांत कुणाला काय झालं होतं, कोण लहानपणीच गेलं, ते वहीत लिहून घ्या. आणि लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आधी स्वतःची तपासणी करून घ्या. पत्रिका नंतरही बघता येईल.