ऊन-सावलीचे जाणकार दादासाहेब फाळके

शेतकरी बंधूंनो, कुंडीत वाटाणा पेरून महिनाभर त्याच्यापुढे कॅमेरा लावून बसणारा माणूस तुम्हाला रिकामटेकडाच वाटेल. पण १९१२ साली मुंबईत एका गृहस्थाने हेच केले आणि त्याच्या जोरावर धंद्याला भांडवल उभे केले. ते गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते चित्रकला, फोटोग्राफी शिकले. गोध्र्याला फोटोचा धंदा सुरू केला, तर प्लेगने पहिली पत्नी व मूल हिरावून नेले. पुढे छपाईत नाव कमावले, पण भागीदारांशी पटले नाही. चाळिशीत पुन्हा पाटी कोरीच!

अशात गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्तावरचा परदेशी चित्रपट पाहिला आणि आपल्या देवादिकांचे चित्रपट काढायचे, असे मनाशी पक्के केले. रोज तासन् तास चित्रपट बघून त्यांनी डोळ्यांवर इतका ताण घेतला, की काही काळ दिसेनासे झाले. उजेडाचा धंदा करू पाहणाऱ्याची दृष्टीच गेली, तर काय उरले? सुदैवाने औषधोपचाराने गुण आला. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी लंडन गाठले आणि तिथून कॅमेरा आणला.

पण पुढे पैसा लावणार कोण? नुसत्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवीना. नवे वाण शेजाऱ्याच्या रानात डोळ्यांनी बघितल्याशिवाय आपण तरी कुठे पेरतो? म्हणून दादासाहेबांनी प्रात्यक्षिकच दाखवले. कॅमेरा एका जागी ठेवून रोज थोडे थोडे चित्रण केले. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. दाणा रुजला, कोंब आला, वेल वर चढला. बघणारे थक्क झाले आणि कर्ज मिळाले.

दादरच्या राहत्या जागेत ‘राजा हरिश्चंद्र’चे काम सुरू झाले. त्या काळच्या फिल्मला भरपूर उजेड लागे, म्हणून चित्रण दिवसा उन्हात चाले. आता बघा, दुपारचे ऊन डोक्यावर आले की डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली, हनुवटीखाली काळी सावली पडते. राजाचा चेहरा कोळशासारखा दिसला, तर त्याचे दुःख प्रेक्षकाला कळणार कसे? यावर उपाय घरातलाच होता. पत्नी सरस्वतीबाई उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत. चादरीवरून परतलेला उजेड चेहऱ्यावर येऊन सावली सौम्य होई. मात्र सावली पार घालवूनही चालत नाही. मग चेहरा भाकरीसारखा सपाट दिसतो. पिकाला पाणी जसे बेताचे लागते, तसेच चित्राला सावलीचे आहे.

याच माउली साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत आणि रात्री फिल्म धुण्यालाही हात लावीत. सहा महिने आणि सत्तावीस दिवस हे काम चालले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात चित्रपट लोकांसाठी लागला. नंतर दादासाहेबांनी बस्तान नाशिकला हलवले. १९१७ चा ‘लंका दहन’ खूप चालला. पण बोलपट आले आणि ते मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा हाती पैसा उरला नव्हता. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दिला जातो.

आता आपल्या उपयोगाचे. ई-पीक पाहणी असो वा रोगाची शंका असो, आज फोटो तुमच्याच हातात आहे. शक्यतो सकाळी नाहीतर ऊन कलल्यावर काढा. स्वतःची सावली पिकावर पडू देऊ नका. पानावरचे ठिपके दाखवायचे असतील आणि पान अंधारात असेल, तर समोरून पांढरा रुमाल किंवा धोतराचे टोक धरा, उजेड पानावर येईल. ठिपका नीट दिसला, तर सल्लाही नेमका मिळेल आणि चुकीच्या औषधाचा खर्च वाचेल.