व्हिम्पर आणि तुटलेला दोर

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात उंचावर काम करणारा कामगार आधी सेफ्टी बेल्ट आवळतो, दोराची कडी अडकवतो आणि मगच पाऊल टाकतो. सह्याद्रीतल्या कड्याला भिडणारा गिर्यारोहकही तेच करतो. दोघांचाही जीव दोरावर असतो. पण दोर ऐनवेळी झटका सोसेल की नाही, हे नुसते पाहून कळत नाही. एडवर्ड व्हिम्परला ते कळले तेव्हा फार उशीर झाला होता.

व्हिम्परचा जन्म १८४० मध्ये लंडनला झाला. लाकडात चित्रे कोरणे हा घरचा व्यवसाय. १८६० मध्ये एका प्रकाशकासाठी चित्रे काढायला तो आल्प्समध्ये गेला आणि डोंगरांच्या नादी लागला. ४,४७८ मीटर उंचीचे मॅटरहॉर्न तेव्हा अजिंक्य होते. अनेकदा हात हलवत परतल्यावर १४ जुलै १८६५ रोजी त्याने ते गाठले. सोबत सहा जण होते.

उतरताना अननुभवी हॅडोचा पाय घसरला. तो वाटाड्या मिशेल क्रोवर आदळला, मागोमाग हडसन आणि लॉर्ड फ्रान्सिस डग्लस ओढले गेले. त्यांच्या वर उभ्या असलेल्या पीटर टाउगवाल्डरने खडकाला मिठी मारली. दोर ताणला आणि त्याच्या व डग्लसच्या मधोमध तुटला. चौघे सुमारे १,२०० मीटर खाली हिमनदीवर कोसळले. व्हिम्पर, टाउगवाल्डर आणि त्याचा मुलगा वाचले.

तुटलेला दोर हातात घेतल्यावर व्हिम्पर हादरला. तुकडीकडे तीन प्रकारचे दोर होते आणि तुटलेला त्यांतला सर्वांत जुना, सर्वांत कच्चा होता. तो माणसे बांधण्यासाठी आणलेलाच नव्हता. गरज पडल्यास खडकाला बांधून मागे सोडायचा राखीव दोर होता तो. अडीचशे फुटांहून अधिक चांगला दोर त्या क्षणी वापराविना होता! दैव वगैरे म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नव्हे. वर्षभरच आधी, १८६४ मध्ये, लंडनच्या अल्पाइन क्लबच्या समितीने दोरांना वजन बांधून ते उंचावरून सोडून पाहिले होते आणि मनिला ताग्याच्या दोराला पसंती दिली होती. म्हणजे ज्ञान होते, दोरही होता.

वजन नुसते टांगणे आणि उंचावरून सोडणे यांत मोठा फरक आहे. पडणाऱ्या शरीराचा वेग दोराला क्षणार्धात शोषावा लागतो. ताग फारसा ताणला जात नाही, त्यामुळे सारा झटका एकदम बसतो. आजचा नायलॉनचा दोर लांबतो आणि झटका पसरवतो. आंतरराष्ट्रीय चाचणीत अशा एकेरी दोरावर ८० किलोचे वजन ४.८ मीटरवरून किमान पाच वेळा सोडतात. तोवर तो तुटता कामा नये. पण चाचणी होते ती नव्या दोराची. विदर्भातल्या उन्हात महिनोन्महिने राहिलेला किंवा बॅटरीतले आम्ल सांडलेला दोर वरून धडधाकट दिसूनही आतून कुजलेला असू शकतो.

टाउगवाल्डरने दोर कापला, अशी कुजबुज झाली. चौकशीत तो निर्दोष ठरला, व्हिम्परनेही कापल्याचा आरोप फेटाळला. मात्र तोच कच्चा दोर का बांधला, ही शंका त्याने लिहून ठेवली आणि टाउगवाल्डरच्या नावाला ती चिकटली. तुकडीत व्हिम्परही होता. निघण्यापूर्वी गाठी त्यालाही तपासता आल्या असत्या. १८७१ च्या पुस्तकात त्याने तिन्ही दोरांचे चित्र छापले.

नंतर त्याची चिकित्सा वेगळ्या दिशेने वळली. १८७९-८० मध्ये विरळ हवेचा शरीरावर होणारा परिणाम अभ्यासायला तो इक्वेडोरला गेला. चिंबोराझोवर तो स्वतःच डोकेदुखी, ताप आणि धाप लागून आडवा झाला. तरी शिखर गाठलेच. उंची मोजायच्या अ‍ॅनेरॉइड वायुभारमापकांवरही त्याने आंधळा विश्वास ठेवला नाही. कमी दाबात दीर्घकाळ ठेवल्यास त्यांची चूक वाढत जाते, हे त्याने तपासून दाखवले आणि १८९१ मध्ये त्यावर पुस्तिका काढली.

१६ सप्टेंबर १९११ रोजी फ्रान्समधल्या शामोनीत तो गेला. डग्लसचा मृतदेह आजवर सापडलेला नाही. त्या दोराचा तुकडा झेरमाटच्या संग्रहालयात काचेआड आहे.