हसूरचे घाटगे

मी साताऱ्याची, कॉलेज सांगलीत. फ्लुइडच्या लॅबमध्ये पिटो ट्यूबचं प्रॅक्टिकल कधी एकदा संपतं असं झालं होतं. विमानाचा वेग दाखवणारा काटा ह्याच नळीवर चालतो, आणि आमच्या पुस्तकातल्या प्रांटल यांचा एक विद्यार्थी आपल्या शेजारच्या कोल्हापूर भागातला होता, हे मला नंतर कळलं.

विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८, हसूरचंपू. १९३६ मध्ये जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट. भारतात परत आले, तर इथे विमानाचा कारखानाच नव्हता! तो १९४० मध्ये बंगळूरला निघाला, हिंदुस्थान एअरक्राफ्ट. घाटगे तिथे गेले, मधली काही वर्षं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवलं, पुन्हा कारखान्यात आले.

ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांचं एचटी-२ उडालं. शिकाऊ वैमानिकांसाठी, १५५ हॉर्सपॉवरचं सिरस इंजिन. पुढेमागे दोन सीट, दोन्हीकडे स्टिक आणि पेडल्स. स्टिक मागे ओढली की नाक वर, बाजूला कलवली की पंख कलतात, पायाने रडर. सोपं वाटतं ना? पण नवशिका घाबरला की स्टिक ओढतच राहतो. वेग पडतो, पंखावरची हवा सुटते आणि विमान खाली कोसळायला लागतं. फायटरचा पायलट तरी तयार असतो. इथे चालवणारा चुकणारच, हे धरून डिझाइन करायचं. मला तर हेच जास्त अवघड वाटतं.

पुढे पुष्पक, कृषक, किरण ही विमानंही त्यांच्याच हाताखाली झाली. १९९१ मध्ये ते गेले.

जर्नलमध्ये प्रांटलच्या नावाखाली मी पेन्सिलने घाटगे लिहिलंय. मॅडमनी अजून खोडलेलं नाही.