कलम लिहिलं जाण्याआधीच कर्तव्य पाळणारे डॉ. सलीम अली

राज्यघटना लागू झाली तेव्हा तिच्यात नागरिकांच्या हक्कांचं प्रकरण होतं, कर्तव्यांचं नव्हतं. कर्तव्यं आली १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, ४२ व्या घटनादुरुस्तीने. स्वर्णसिंग समितीच्या शिफारशीनंतर कलम ५१ क जोडलं गेलं आणि त्यात दहा कर्तव्यं नमूद झाली. अकरावं, मुलांच्या शिक्षणाचं, २००२ मध्ये आलं. आपल्याकडे या कलमाचा विषय निघतो तो बहुतेक राष्ट्रगीत आणि राष्ट्रध्वजावरून. पण त्याच यादीत आणखी एक कर्तव्य आहे, वनं, तलाव, नद्या आणि वन्यजीव जपण्याचं, मुक्या जिवांवर दया करण्याचं. ते घटनेत लिहिलं गेलं तेव्हा मुंबईचा एक मुसलमान ऐंशी वर्षांचा झाला होता, आणि पन्नासहून अधिक वर्षं तेच करत आला होता. डॉ. सलीम अली.

जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतल्या सुलेमानी बोहरा घराण्यात. वडील, मग आई, दोघंही तीन वर्षांच्या आत गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरात या यतीम भावंडांना वाढवलं. मामा शिकारीचे शौकीन. मुलाच्या हातात छर्ऱ्याची बंदूक आली आणि चिमण्या पडू लागल्या. मारलेली चिमणी हलाल करून खायची, हा घरचा शिरस्ता. एके दिवशी पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही वेगळीच दिसते, खायला चालेल का? मुलगा मामांकडे गेला. मामांनाही सांगता येईना, म्हणून त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. मिलार्डसाहेबांनी पक्षी ओळखलाच, शिवाय कपाटं उघडून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. एका मुलाच्या साध्या शंकेपासून भारतातल्या पक्षीशास्त्राचं एवढं मोठं काम उभं राहिलं.

पुढचा रस्ता मात्र सरळ नव्हता. कॉलेज अर्धवट सुटलं. ब्रह्मदेशात तवॉयला घरच्या टंगस्टनच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेले, पण धंद्यापेक्षा जंगलातच जास्त रमले. परत आल्यावर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी निकाह झाला. झूलॉजिकल सर्व्हेमधली पक्षीतज्ज्ञाची जागा विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे हुकली. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चररची नोकरी लागली. रजा घेऊन ते बर्लिनला प्रा. स्ट्रेसमान यांच्याकडे शिकायला गेले, आणि १९३० मध्ये परतले तर ती जागाच रद्द झालेली! हातात कौशल्य आहे, कागद नाही आणि पगारही नाही, ही अवस्था आपल्यातल्या अनेक घरांना अनोळखी नाही.

नवरा-बायको अलिबागजवळ किहीमला तेहमिनांच्या माहेरच्या घरी राहायला गेले. तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अली रोज तासन् तास बसून ती न्याहाळत. त्यातून कळलं की नर घरटं अर्ध्यावर आणून थांबतो. मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तरच आत राहते. मग नर ते पुरं करतो आणि दुसरं विणायला घेतो. बेकारीच्या दिवसांतल्या या अभ्यासाने त्यांचं नाव झालं. मग हैदराबादपासून संस्थानोसंस्थानी पक्ष्यांच्या पाहण्या केल्या, अगदी तुटपुंज्या पैशांत. राहण्या-फिरण्याचा खर्च मिळाला तरी ते तयार असत. तेहमिना बरोबर असायच्या, आणि त्यांचं लिखाण तपासायच्याही. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सलीम अली पुढे बहिणीच्या घरी राहिले, दुसरं लग्न केलं नाही.

१९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं आणि पक्षी बघणं सामान्य घरात पोहोचलं. स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशाअभावी अडचणीत आली, तेव्हा त्यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मिळवली. सायलेंट व्हॅलीचं जंगल वाचवण्यातही त्यांचं वजन उपयोगी पडलं. केरळातल्या या खोऱ्यात वीज प्रकल्पासाठी धरण होणार होतं, शेवटी ते रद्द झालं आणि १९८५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान सुरू झालं. त्याच वर्षी राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नेमणूक केली.

फक्त कौतुक करून थांबलं तर ते अर्धंच सांगितल्यासारखं होईल. अभ्यासासाठी त्यांनी आयुष्यभर पक्षी मारले आणि ते कधी लपवलं नाही. नमुना हातात घेतल्याशिवाय तेव्हा शास्त्र पुढे जात नव्हतं. पण भरतपूरची गोष्ट जास्त टोचते. केवलादेवचं पाणथळ रान शाबूत राहिलं त्यात त्यांचा मोठा वाटा. १९८२ मध्ये तिथे म्हशी चारायला बंदी झाली, सलीम अलींचं मतही बंदीच्याच बाजूने होतं. आसपासच्या गावांचं पोट त्या गवतावर होतं. लोक चिडले, पोलिसांचा गोळीबार झाला, त्यात गावकऱ्यांचे जीव गेले. सजीवांवर दया करा असं घटना म्हणते, तेव्हा त्या सजीवांत म्हशीमागचा गुराखीही येतो, हे तिथे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आणि बंदीने पक्ष्यांचंही भलं झालं नाही. म्हशी नाहीत म्हटल्यावर गवत माजलं, उघडं पाणी आटत गेलं, पाणपक्ष्यांना जागा उरेना.

हे उघड झालं ते दहा वर्षं चाललेल्या एका अभ्यासातून. त्याचा निकाल बघायला सलीम अली राहिले नाहीत, २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. अभ्यास करणारी संस्था मात्र त्यांचीच होती. मत बाजूला ठेवून आधी नीट मोजायला त्यांनीच शिकवलेली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी.