कँटनच्या वेशीबाहेरचा व्यापारी

तुम्ही झरी जामणी तालुक्यातले असाल, तर एक गोष्ट वेगळी सांगायला नको. कापूस पिकवणं निराळं आणि विकणं निराळं. पैनगंगा ओलांडून पलीकडे गेलं की भाषा बदलते, बाजार बदलतो, आणि सगळ्यात आधी ओळखीचा माणूस शोधावा लागतो. आता नदीच्या जागी समुद्र आहे असं समजा. पलीकडे चीन. तिथली भाषा येत नाही, शहरात शिरायची परवानगी नाही आणि वय उणंपुरं सोळा!

जमशेटजी जीजीभॉय यांची गोष्ट इथून सुरू होते. मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्ट तुम्ही ऐकलं असेलच. त्यातले ‘जे. जे.’ म्हणजे हेच.

जन्म १७८३ चा. लहानपण नवसारीत गेलं. घरची परिस्थिती बेताची, शिक्षण जेमतेम. १७९९ मध्ये आईवडील दोघंही गेले आणि पोरका जमशेटजी मुंबईला मामाकडे आला. मामा फ्रामजी बाटलीवाला. आडनाव सांगतं तोच त्यांचा धंदा, बाटल्यांचा. तिथे हिशेबठिशेब शिकून थोड्याच दिवसांत हा पोरगा चीनच्या जहाजावर चढला.

तेव्हा चीनमध्ये जाऊन धंदा करणं म्हणजे काय होतं, ते आधी समजून घ्या. १७५७ पासून बाहेरच्या अशा जहाजांना एकच बंदर खुलं होतं. ते म्हणजे कँटन, आजचं ग्वांगझू. परदेशी व्यापाऱ्याने शहराच्या तटाबाहेर, नदीकाठच्या वखारींतच राहायचं. बायकांना सोबत आणायचं नाही. हंगाम संपला की मुक्काम हलवायचा, मकावला जायचं नाहीतर घरी. परदेशी माणसाला चिनी भाषा शिकवायलाही बंदी!

माल कुणालाही विकता येत नसे. सरकारने नेमलेले मोजके चिनी व्यापारी होते, त्यांना ‘हाँग’ व्यापारी म्हणत. व्यवहार त्यांच्यामार्फतच. प्रत्येक जहाजासाठी त्यांच्यातला एक जण जामीन राही. जकात थकली किंवा जहाजावरच्या कुणी गडबड केली, तर दरबार त्या जामिनाला धरी. म्हणजे नुसतं भांडवल असून भागत नव्हतं. आपल्यासाठी तिथला माणूस स्वतःची मान अडकवेल, एवढी पत लागत होती. आणि पत एका खेपेत मिळत नाही.

जमशेटजींनी हा प्रवास पाच वेळा केला. १८०३ मध्ये मामाचीच मुलगी आवाबाई हिच्याशी लग्न झालं, तरी खेपा थांबल्या नाहीत. चौथी खेप मात्र अंगाशी आली. १८०५ मध्ये त्यांचं ‘ब्रन्सविक’ जहाज श्रीलंकेजवळ फ्रेंचांनी पकडलं. माल गेला, आणि चीनऐवजी आफ्रिकेचं टोक, केप ऑफ गुड होप, बघायची वेळ आली. तिथून कसेबसे ते कोलकात्याला पोचले. पण त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण डॉक्टर होता. दोघांची ओळख झाली. पुढे हा डॉक्टर व्यापारात उतरला आणि १८३२ मध्ये जार्डिन मॅथेसन ही कँटनची बलाढ्य कंपनी उभी राहिली. मुंबईहून तिला माल पाठवणाऱ्यांत जमशेटजी सगळ्यांत मोठे!

पाचव्या खेपेनंतर ते मुंबईतच राहिले. जैन मोतीचंद अमीचंद, कोकणी मुसलमान महंमद अली रोगे हे त्यांचे भागीदार. धर्म वेगळे, हिशेब एक. चीनमध्ये विश्वासाची माणसं, घरी विश्वासाचे भागीदार. आता जहाजं जात होती, मालकाने जायची गरज उरली नव्हती.

इथवरची गोष्ट ऐकून छाती फुगते. पण जहाजात काय होतं, हेही विचारायला हवं. कापूस होता, आणि अफूही होती. माळव्यात पिकलेली अफू मुंबईमार्गे चीनला जाई. तिथे अफूच्या व्यसनाविरुद्धचं पहिलं फर्मान १७२९ मध्येच निघालं होतं. तरी माल चोरवाटेने उतरत होता, कारण नफा प्रचंड होता. १८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून जास्त पेट्या अफू ताब्यात घेऊन नष्ट केली. ब्रिटनने युद्ध पुकारलं. १८४२ मध्ये चीन हरला, हाँगकाँग गेलं आणि हाँग व्यापाऱ्यांची मक्तेदारीही मोडली. त्याच १८४२ मध्ये जमशेटजींना ‘सर’ किताब मिळाला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय.

यानंतरचं त्यांचं दान मोजता मोजता थकाल. १८४५ मध्ये हॉस्पिटल सुरू झालं. त्याच वर्षी माहीमचा कॉजवे खुला झाला, त्यासाठी आवाबाईंनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले. १८५७ मध्ये आर्ट स्कूल निघालं. १८५९ मध्ये जमशेटजी गेले. त्या हॉस्पिटलात आजही गरिबाला उपचार मिळतात, हे खरं. त्या पैशात चीनमधल्या कुणाचं तरी घर धुपलं होतं, हेही तितकंच खरं. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

आज चीनमध्ये तटाबाहेर राहावं लागत नाही. बऱ्याच क्षेत्रांत परदेशी माणूस पूर्ण मालकीची कंपनी काढू शकतो. २०२० पासून तिथे परकीय गुंतवणुकीचा नवा कायदाही लागू आहे. तुमच्यापैकी कुणी उद्या ग्वांगझूला जाईलही. भाषा शिका, तिथला भरवशाचा माणूस शोधा, एक खेप बुडाली तरी दुसरी करा, हे सगळं जमशेटजींकडून घ्या. पण पेटीत काय भरायचं, हे मात्र त्यांना विचारू नका. ते तुमचं तुम्ही ठरवा, आणि निघायच्या आधी ठरवा.